मीटर मालकाच्या नावाचा, बिल आपल्या दाराशी

भाड्याच्या घरात लाइट, पाणी आणि गॅस या तिन्ही गोष्टी वापरायच्या आपण, पण त्यांचे कागद दुसऱ्याच्या नावावर. बिघाड झाला तर वायरमन येतो, प्लंबर येतो, तासाभरात काम उरकतं. खरी अडचण होते ती "ही लाइन कुणाच्या नावावर?" या प्रश्नाला दारात उभं राहून उत्तर देता येत नाही तेव्हा. बदलीच्या नोकरीमुळे कोल्हापुरात आम्ही राजारामपुरीत राहिलो, आर. के. नगरला राहिलो, नागाळा पार्कातही राहिलो. त्यातून जे हाताला लागलं ते लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा मानू नका. पाण्याचा मुद्दा लांबला आहे, कारण कोल्हापुरात तो लांबतोच.

१. सामानाचा टेम्पो येण्याआधी मीटरचा फोटो

किल्ली हातात आली की पहिल्यांदा मीटरच्या खोलीत जावं. मीटर नंबर आणि रीडिंग दोन्ही एका फोटोत आले पाहिजेत, आणि तो फोटो तिथंच उभं राहून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवावा. महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो. तो वहीत, मोबाइलमध्ये आणि फ्रिजच्या दारावर असा तीन ठिकाणी लिहून ठेवावा, कारण रात्री अकराला लाइट गेल्यावर तक्रार करताना पहिल्यांदा तोच विचारतात. बिलावरचं नावही वाचावं. ते मालकाचं असेलच असं नाही. बिल्डरचं असतं, आधी फ्लॅट विकून गेलेल्याचं असतं, कधी वारलेल्या सासऱ्यांचं असतं.

मग मीटर खरंच आपल्याच फ्लॅटचा आहे का ते बघावं. हे करायला कुणी सांगत नाही. राजारामपुरीतल्या घरी वरच्या मजल्यावरचं कुटुंब महिनाभर गावाला गेलं आणि त्या महिन्यात आमचं बिल एकदम खाली आलं. आम्ही तिघं तर घरातच होतो, गीझर रोज चालू होता. वायरमनला बोलावलं. त्यानं आमच्या घरातला मेन स्विच पाडला आणि खाली जाऊन बघितलं, तर आमच्या फ्लॅटचा नंबर लिहिलेला मीटर आपला निवांत चाललेला आणि शेजारचा थांबलेला. इमारत बांधतानाच दोन वायरी उलट्या जोडलेल्या. "सायेब, असली चार-पाच घरं मी बघितल्यात," तो म्हणाला. वरच्या वहिनी समजूतदार निघाल्या, हिशेब चहावर मिटला. दर वेळी वरच्या वहिनी तशा असतीलच असं नाही. मेन पाडून बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

२. आधीच्या भाडेकरूची थकबाकी ही आपलीही डोकेदुखी आहे

"ते बिल आधीच्या पोराचं हाय, तुमचा काय संबंध?" असं मालक म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. कायदा मात्र जागेकडे बघतो. सर्वोच्च न्यायालयानं 19 मे 2023 रोजी के. सी. निनन विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या प्रकरणात निकाल दिला. वीज नियमांमध्ये तशी तरतूद असेल, तर जागेवरची जुनी थकबाकी भरेपर्यंत नव्या मालकाला वीज नाकारता येते, असं त्यात स्पष्ट केलं आहे. तो वाद जागा विकत घेणाऱ्यांचा होता. पण कनेक्शन तोडलं गेलं की अंधारात भाडेकरूच बसतो. म्हणून डिपॉझिटचा चेक देण्याआधी शेवटचं बिल आणि ते भरल्याची पावती मागावी. संकोच वाटत असेल तर ग्राहक क्रमांक तेवढा मागा. महावितरणच्या ॲपवर बाकी किती ते दिसतंच.

उलट बाजूही सांगून ठेवतो. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती नोटीस बिलावरच्या नावानं येते, आणि बिलावरचा माणूस पुण्याला राहत असतो. तेव्हा दुसऱ्याच्या नावाची पत्रंही जिन्यातल्या पेटीतून काढून वर आणावीत. त्याच कायद्यात ग्राहक कोण हे सांगताना, ज्याच्या जागेला वीज जोडलेली आहे तोही धरला आहे. म्हणजे तक्रार करायला आपलं नाव बिलावर असलंच पाहिजे असं नाही. खिडकीवरचा कर्मचारी "मालकाला पाठवा" म्हणाला, तर हे शांतपणे सांगता येतं. आणखी एक निकाल लक्षात ठेवावा. मे 2022 मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की वीज ही मूलभूत सोय आहे, आणि मालक ना-हरकत पत्र देत नाही एवढ्या कारणावर ती भाडेकरूला नाकारता येत नाही.

३. बिल कुठं येतं, आणि त्यात काय काय असतं

हल्ली बरेच मालक 'गो ग्रीन' घेतात. कागदी बिल बंद, बिलात थोडी सूट. सूट मालकाच्या खात्यावर, बिल मालकाच्या ईमेलवर, मालक बेंगळुरूला. आपल्याला कळतं ते थेट वायरमन शिडी घेऊन आल्यावर. त्यावर इलाज सोपा आहे. ॲपमध्ये आपल्या लॉगिनला तो ग्राहक क्रमांक जोडून घ्यायचा आणि दर महिन्याला स्वतः बघायचं. कनेक्शनला जोडलेला मोबाइल बदलायचा झाला तर मात्र मालकाला विचारूनच बदलावा.

वर्षातून एकदा नेहमीच्या बिलाबरोबर सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. वापर वाढला की ठेवीतला फरक मागतात. ही रक्कम वीजबिल नव्हे. ती मालकाच्या नावावर जमा राहते, तिच्यावर व्याज मिळतं, आणि कनेक्शन बंद केलं की त्यालाच परत मिळते. म्हणून ती मालकानं भरायची. अनेक भाडेकरू मुकाट्यानं भरून टाकतात. आमच्या मालकांना मी हे समजावलं तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आजवर कुणी इचारलं न्हाई की ओ." आणि दिली रक्कम.

पेठांमधल्या जुन्या घरात राहणार असाल तर प्रकरण वेगळं. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ इथं खाली मालक, वर भाडेकरू, आणि मुख्य मीटर एकच. वरच्याला सब-मीटर. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, शंभरापुढच्या टप्प्याला तो जवळजवळ दुपटीवर जातो. दोन चुली एका मीटरवर आल्या की दोघांचाही वापर वरच्या टप्प्यात ढकलला जातो. खालचे म्हणतात वरच्यांमुळे, वरचे म्हणतात खालच्यांमुळे, आणि गणितानं दोघंही बरोबर असतात. एकूण बिल भागिले एकूण युनिट, गुणिले आपले युनिट, एवढं सूत्र पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं. त्यात खालच्यांचं आणि आपलं, दोघांचंही थोडं नुकसान होतं, पण जिन्यात गाठ पडली तर बोलणं चालू राहतं.

४. पाणी किती वाजता येतं हे मालकाला विचारू नये

तळमजल्यावरच्या मावशींना विचारावं. मालक म्हणतो "भरपूर". एजंट म्हणतो "चोवीस तास". तो टाकीबद्दल बोलत असतो, आणि टाकीत पाणी कुठून येतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मावशी म्हणतात, "पहाटं येतंय, तासभर. वरच्यांनी मोटर लावली की आमच्यात बोटाएवढी धार." खरं उत्तर हे.

या शहराचं पाण्याशी नातं जुनं आणि गुंतागुंतीचं. कळंबा तलाव एकोणिसाव्या शतकातला. शहरात 'पाण्याचा खजिना' नावाचा आख्खा भागच आहे, रिक्षावाल्याला एवढंच सांगितलं तरी तो नेऊन सोडतो. पुढे बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर, कसबा बावडा इथून नदीचं पाणी उपसून शहराला पुरवलं गेलं. आणि अनेक वर्षांच्या मागणी-आंदोलनांनंतर काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईनचं पाणी नोव्हेंबर 2023 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं. तेव्हा पेढे वाटले गेले, आणि ते रास्तच होतं. पण धरणातून पाणी उपसायचे पंप विजेवरच चालतात. वीज गेली किंवा पन्नासएक किलोमीटरच्या नळात कुठं गळती लागली, की नळ कोरडे आणि टँकरभोवती गर्दी. तेव्हा भाड्याचं घर बघताना आपल्या गल्लीला कुठल्या टाकीवरून पाणी येतं ते विचारून ठेवावं. सकाळच्या पेपरात "अमुक भागाचा पुरवठा उद्या बंद" असं आलं, की ती ओळ आपल्यासाठी आहे का हे ताबडतोब कळतं.

दुसरी गोष्ट हद्दीची. महापालिका 1972 ची, आणि हद्दवाढीचा वाद इथं वर्षानुवर्षं पेटता. त्याचा भाडेकरूशी संबंध असा, की शहर पाचगाव, मोरेवाडी, उचगावपर्यंत सलग पसरलेलं दिसतं, पण पाण्याची व्यवस्था सलग नाही. रस्त्याच्या अलीकडे महापालिकेचा नळ, पलीकडे ग्रामपंचायतीचा. आर. के. नगरकडे घर घेताना आम्हाला जाहिरातीत "कोल्हापूर शहर" असं सांगितलं होतं. पत्ता तसा होता, बस तशी होती, पाणी मात्र शहराचं नव्हतं. भाडं कमी होतं हे खरं. उन्हाळ्यात टँकरची वर्गणी धरली की तो फायदा बराचसा वाहून जायचा. मी तिकडं राहू नका म्हणत नाही, हवा फार छान आहे. पण मार्च ते मे टँकर लागतो का, लागला तर पैसे मेंटेनन्समधून जातात की वेगळे, आणि ते भाडेकरूनं द्यायचे की मालकानं, हे तीन प्रश्न सही करण्याआधी विचारा.

तिसरी गोष्ट इमारतीच्या आतली. खालची टाकी, वरची टाकी, मोटर. मोटर कुणी लावायची? सुरक्षारक्षक असेल तर ठीक. नसेल तर एखादे निवृत्त काका ते काम आपणहून करत असतात, आणि ते पंढरपूरला गेले की सगळी इमारत कोरडी. मोटरच्या स्टार्टरची जागा आणि खोलीची किल्ली कुठं असते ते पहिल्या आठवड्यातच काकांकडून शिकून घ्यावं. त्यांनाही बरं वाटतं. वरच्या टाकीला कप्पे असतील तर आपला कप्पा कोणता ते बघा. बॉलकॉक अडकला असेल तर शेजाऱ्याची टाकी ओसंडून वाहते आणि आपण रिकाम्या नळाकडे बघत बसतो.

आता पूर. नागाळा पार्कात घर बघताना पार्किंगच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर एक मळकट आडवी रेघ दिसली. एजंट म्हणाला, "ओल आहे." ती 2019 च्या पुराची होती, हे शेजारच्या दुकानदारानं सांगितलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोन्ही वेळा नदी 55 फुटांच्या वर गेली. त्या दिवसांत चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही, ही अवस्था शहरानं भोगली, कारण उपसा केंद्रं नदीकाठी आणि त्यांच्या मोटारीच पाण्यात. विजेचंही तसंच. उपकेंद्रात किंवा मीटरच्या पेटीत पाणी शिरलं तर पुरवठा बंद ठेवावाच लागतो. म्हणजे आपण तिसऱ्या मजल्यावर सुखरूप असलो तरी मीटर पार्किंगमध्ये कमरेएवढ्या उंचीवर असेल तर आठवडाभर अंधार. नागाळा पार्क, शाहूपुरीचा सखल भाग, दुधाळी, उत्तरेश्वर पेठ, बावड्याकडची बाजू इथं घर घेताना मीटर किती उंचीवर बसवलेत ते बघावं. आम्ही ते घर घेतलं. मीटर पुरानंतर वर सरकवलेले होते, आणि ती रेघ दाखवल्यावर भाडंही थोडं उतरलं. जुलै लागला की पिंप भरून ठेवायचं, इन्व्हर्टरची बॅटरी बघून घ्यायची आणि रोज बंधाऱ्याची पातळी वाचायची, एवढं केलं की पुरे. कोल्हापुरात पावसाळ्यात ती पातळी सगळेच वाचतात, क्रिकेटच्या स्कोअरसारखी.

५. गॅस आपल्या नावावर आणावा, मालकाचा वापरू नये

"कनेक्शन आहेच घरात, वापरा की" हा मालकाचा चांगुलपणा असतो. पण सिलेंडर देताना डिलिव्हरीचा कोड नोंदणी केलेल्या मोबाइलवर जातो. दुपारी बाराला डिलिव्हरीवाले दादा खांद्यावर टाकी घेऊन तीन जिने चढून दारात उभे, आणि कोड गेलेला मालकाच्या मोबाइलवर. मालक मीटिंगमध्ये. दादा दोन मिनिटं थांबतात, घाम पुसतात, टाकी घेऊन खाली जातात. त्यांचं काही चुकत नाही.

दुसऱ्या गावाहून येत असाल तर तिथल्या एजन्सीत सिलेंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं, अनामत परत मिळते, आणि इथल्या एजन्सीत ते व्हाउचर दाखवून कनेक्शन चालू होतं. शहरातल्या शहरात घर बदललं तर पत्ता बदलून काम भागतं, फक्त नवं घर दुसऱ्या एजन्सीच्या हद्दीत येतं का ते विचारावं. मधल्या दिवसांसाठी पाच किलोची छोटी टाकी मिळते, तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही. पहिल्याच दिवशी रबरी नळीवरची तारीख बघा. नळी पाच वर्षांनी बदलायची असते. आधीच्या भाडेकरूनं ठेवून दिलेली नळी फुकट मिळाली म्हणून वापरू नये. गळतीचा वास आला तर 1906 हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

६. अर्थिंग तपासून घ्या

गीझरला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर ते सोसण्यासारखं नाही. वायरमन बोलवावा, अर्थिंग बघून घ्यावं, पैसे मालकाकडून घ्यावेत, नाही दिले तर आपण भरावेत. यावर घासाघीस करू नये.

७. करारात लिहून घ्यायचं ते

अकरा महिन्यांच्या करारात भाडं, डिपॉझिट, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत वगैरे सगळं असतं. लाइट-पाण्याबद्दल एक ओळ असते: "बिले परवानाधारकाने भरावीत." ती पुरत नाही. सुरुवातीचं रीडिंग, सुरक्षा ठेव कुणाची, टँकर कुणाचा, मोटर जळाली तर कुणी, हे लिहून घ्यावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मालकाला सांगितलं की नोंदणीची तारीख पटकन ठरते.

याच कायद्याचं कलम 29 सांगतं की योग्य कारणाशिवाय मालकानं भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट अशा अत्यावश्यक सोयी तोडू नयेत. तोडल्या तर न्यायालय त्या पुन्हा सुरू करायला लावू शकतं. वाचायला छान वाटतं. पण कलम भाडेकरूबद्दल बोलतं आणि आपला करार असतो लीव्ह अँड लायसन्सचा. वकील लोक त्या फटीत बराच काळ बसू शकतात. म्हणून "काहीही वाद झाला तरी वीज-पाणी बंद करणार नाही" हे वाक्य करारातच घालून घ्यावं. एका मालकांना हे वाक्य वाचून राग आला होता. आम्ही ते घर घेतलं नाही.

८. लाइट गेली की आधी खिडकीतून बघावं

समोरच्या इमारतीत उजेड असेल तर बिघाड आपल्याकडे. जिन्यात उजेड असेल तर आपल्याच फ्लॅटमध्ये, एमसीबी बघा. अर्ध्या घरात दिवे मंद आणि पंखा रांगत असेल तर फ्रिज आधी बंद करा. सगळी गल्ली अंधारात असेल तर डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडाला असेल किंवा मोठं काही. मग 1912 ला फोन करून तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. "शेजाऱ्यांनी केलाय फोन" यावर विसंबू नये, कारण शेजारीही तेच म्हणत असतात. तक्रार अडकली तर परिमंडळाच्या पातळीवर ग्राहकांसाठी तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. मला तिथवर जावं लागलं नाही.

बाकी कामं ओळखीवर चालतात, हे कोल्हापूर आहे. आधीच्या भाडेकरूचा वायरमन, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याचा प्लंबर. अनोळखी ॲपवरून माणूस बोलावण्यापेक्षा हार्डवेअरवाल्या अण्णांना विचारावं. त्यांचा माणूस वॉशरसुद्धा त्यांच्याच दुकानातून आणतो, पण दुसऱ्या दिवशी परत ठिबकायला लागलं तर अण्णाच त्याला पाठवून देतात.

९. घर सोडताना

जाण्याच्या दिवशी परत मीटरचा फोटो. शेवटचं बिल आपण गेल्यावर येतं, आणि त्या भीतीनं मालक डिपॉझिटातून गोल रक्कम अडकवून ठेवतो. मागच्या तीन बिलांवरून युनिट काढावेत, आजच्या रीडिंगपर्यंतचा हिशेब कागदावर मांडावा, तेवढेच पैसे ठेवू द्यावेत आणि बिल आल्यावर फरक देण्याघेण्याचं दोघांनी मेसेजवर लिहावं. ॲपमधून तो ग्राहक क्रमांक काढून टाकावा. गॅसचा पत्ता बदलावा. आणि वायरमनचा, प्लंबरचा, मोटर लावणाऱ्या काकांचा नंबर नव्या भाडेकरूला देऊन जावं. मालकाकडे ते बहुधा नसतात.